दोरा



माझ्या हातून एक गोष्ट झाली. ती भाषणात सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

परभणी जिल्ह्यात मी जिनिंगमध्ये कामाला आहे. दिवाळीच्या आगेमागे कापूस येतो, रेचे सुरू होतात, नाकातोंडात रुई जाते. कापूस संपला की मिल बंद, अन् आम्हीही बंद. गेल्या उन्हाळ्यात असंच बसून होतो, तेव्हा बापाचं उजवं अंग गेलं. अर्धांग. आयुष्यभर पोती उचललेला हात खाटेवर पडून राहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. मायनं कुठूनसा काळा दोरा आणून त्याच्या मनगटाला बांधला.

मी आदल्याच रविवारी विहारात बावीस प्रतिज्ञांवर बोललो होतो. टाळ्या पडल्या होत्या. घरी कात्री घेतली अन् दोरा कापून टाकला. बाप नुसता बघत होता.

माय ओरडली नाही. म्हणाली, "तोडलास ना? मंग आता तिथं काय बांधतूस, ते बांध."

मला उत्तर आलं नाही.

देव काढला ते बरंच केलं, त्यात माघार नाही. पण देव गेल्यावर मायची रात्र कशी जायची, याचा ठराव आपण कोणत्या बैठकीत केला? 'आशा सोडू नका' म्हणायला काय जातं? तोंडच तर हलवायचं. अन् श्रद्धा म्हटलं की आपण पाल पडल्यासारखे अंग झटकतो.

किसा गोतमीची गोष्ट मी दहादा सांगितली असेल. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन ती बुद्धाकडं औषध मागायला आली. 'बाई, हे मेलंय' असं म्हणून त्यानं लेकरू हिसकावलं नाही. म्हणाला, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहरी आण. ती दारोदार फिरली. घरोघरची मरणं ऐकली, अन् लेकरू तिनं स्वतःच्या हातानं खाली ठेवलं. दहादा सांगूनही ते हिसकावणं न्हाई, हे मला दोरा कापल्यावर दिसलं.

बाबासाहेब १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात म्हणाले, हिंदू म्हणून मरणार नाही. धम्म घेतला १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात. मध्ये एकवीस वर्षं. एवढा मोठा माणूस, पण जुनं टाकायचं ठरवल्यावर त्या जागी काय ठेवायचं ते शोधत, तपासत राहिला. मी कात्रीला एक मिनिट घेतला नाही.

मग आजीला विचारलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला अन् मराठवाड्यात आपली घरं जळली. तेव्हा माझा बाप तिच्या पोटात होता. रात्रभर ती ओढ्यात बसली. सकाळी येऊन जळक्या कणगीतले बरे दाणे निवडले. विद्यापीठाला नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, ते बी नामविस्तार म्हणून. म्हणजे साडेपंधरा वर्षं. मी म्हणालो, "आजी, नाव लागंल असं वाटायचं का गं?"

"वाटायला येळ कुठं व्हता? पोरं मोर्च्याला जायची, त्यांच्या भाकरी करायच्या. येका पोराची भाकर उरली तर जीव खाली-वर व्हायचा, ह्यो कुठं राह्यला म्हणून."

मी आशा कुठं कुठं हुडकत होतो. पुस्तकात, कवितेत. आजीकडं ती भाकरीच्या हिशोबात होती, अन् तिला त्याचं नावही माहीत नव्हतं.

आता कामावरून आलो की तेल कोमट करून बापाचा हात चोळतो. बोटं एकेक करून उघडतो, मिटतो. डॉक्टरनं व्यायाम सांगितलाय, तोच. दिवाळीनंतर एकदा अंगठा हलला. माय चुलीपुढून धावत आली. मला वाटलं, आता म्हणेल दोऱ्यानं हलला. ती काहीच बोलली नाही. बसली अन् डावा हात चोळायला लागली, जो चांगलाच आहे.

परवा पाय चोळताना घोट्याला दुसरा दोरा दिसला. पहिल्यापेक्षा बारीक. धोतराखाली लपवलेला. मायनं माझ्याकडं बघितलं. कात्री फळीवरच होती.

मी दोरा जरा वर सरकवला अन् खालून तेल लावलं. कार्यकर्ता म्हणून तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.