पित्याच्या कारखान्यातील दोन पुत्र

इटली देशातील क्रेमोना नगरात आंतोनियो स्त्रादिवारी नावाचा व्हायोलिन करणारा जगप्रसिद्ध कारागीर होऊन गेला. त्याचे दोन पुत्र, 1671 साली जन्मलेला फ्रान्चेस्को व 1679 साली जन्मलेला ओमोबोनो, हे त्याच्याच कारखान्यात काम करीत. लाकडी साच्याभोवती मेपलच्या पातळ पट्ट्या उष्णता देऊन वाकवाव्या, स्प्रूसची वरची फळी कोरावी, रोगण चढवावे, असे ते काम. परंतु तयार वाद्याच्या पोटात जी चिठ्ठी चिकटवीत, तिजवर नाव पित्याचे असे.

पिता नव्वदी उलटल्यावर 1737 साली वारला. त्यामागून ओमोबोनो 1742 साली व फ्रान्चेस्को 1743 साली गेला. स्वतः धनी म्हणून त्यांस उणीपुरी पाचसहा वर्षेच लाभली, आणि त्यांच्या नावाची वाद्ये फारच थोडी आहेत. मग त्यांचे श्रम व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. पित्याच्या उतारवयातील वाद्यांत पुत्रांचा हात आहे असे जाणते लोक सांगतात. चिठ्ठीवर नाव नसले तरी नादात त्यांचे श्रम आहेत.

आता दुसरी गोष्ट ऐका. पित्याने 1729 साली मृत्युपत्र केले. हत्यारे व साचे त्याने फ्रान्चेस्कोस दिले. ओमोबोनो मात्र तरुणपणी घर सोडून नेपल्सला राहिला होता. त्या वेळचा खर्च पित्याने सुमारे तीस वर्षांनंतरही त्याच्या नावावर धरला. पुत्र कधीच परत आला होता, कामासही लागला होता. पण हिशेब मिटला नव्हता.

प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातील पिता कसा होता, हे लूककृत शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात पाहा. परतणाऱ्या धाकट्यास भेटावयास तो धावत गेला. त्याने वही उघडली नाही. घरी राबणाऱ्या वडील पुत्रासही, तू चाकर नव्हेस, वारस आहेस, अशी त्याने समजूत घातली.

तेव्हा बापाच्या शेतात वा दुकानात निमूटपणे झिजणाऱ्या तरुणांनो, खचू नका. गुप्तपणे केलेले काम स्वर्गीय पिता पाहतो. आणि वडील माणसांनो, तुमच्या अंतःकरणाच्या वहीत एखाद्या लेकराच्या नावावर जुनी बाकी राहिली आहे काय? ती आजच खोडून टाका. देवाने आपली किती मोठी बाकी खोडिली आहे, याचे स्मरण करा. मृत्युपत्र लिहिण्याची वेळ येईपर्यंत थांबू नका.