गिऱ्हाईक आणि पाहुणा

आमच्या सत्तरीत मार्च लागला की काजूच्या भट्ट्या पेटतात. बोंडू चुरून रस आंबवायचा; पहिल्यांदा उकळला की हुर्राक, पुढं फेणी. आमच्या बाबांचीही भट्टी होती. सकाळी दारात आलेल्याला, तो विकत घेवो न घेवो, पेलाभर ताजा नीरो मिळायचाच. बाबा म्हणायचे, "आंबायच्या आत कुणाच्या तरी पोटात जाऊ दे रे."

बाबांच्या माघारी भट्टी मी चालवली. शेजारचा एकजण रोज संध्याकाळी यायचा. पैसे रोख. मी बसायला पाट द्यायचो, खुशाली विचारायचो, मागेल तितकं ओतायचो. गिऱ्हाईक सांभाळावं तर असं, असं मला वाटे.

एके दुपारी त्याची बायको आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, तुम्ही त्यांना फार मानानं वागवता. घरात तांदूळ नाही."

रात्रभर डोळा लागला नाही. मी मान कुणाला देत होतो? माणसाला, की त्याच्या हातातल्या नोटेला?

दुसऱ्या दिवशी तो आला. मी पेज आणि लोणचं पुढं ठेवलं. म्हटलं, "आज एवढंच." तो रागानं उठला नि पलीकडच्या भट्टीवर गेला.

म्हणजे त्याची दारू सुटली नाहीच. माझं गिऱ्हाईक तेवढं तुटलं. मग मी बरोबर वागलो का? अजून नक्की सांगता येत नाही. पण त्याचं पोर रोज सकाळी नीरो प्यायला यायचं. त्याच्या नजरेला नजर देताना मला खाली बघावं लागत नव्हतं.