भेटीचा हक्क कुणाचा?

परक्या देशाच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला आत येण्याचा काही हक्क असतो, की ती सर्वस्वी यजमानाची मर्जी? इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९५ मध्ये चिरंतन शांततेवरच्या निबंधात या प्रश्नाला दिलेलं उत्तर अजून जुनं झालेलं नाही. कायम राहण्याचा हक्क त्याने मानला नाही. त्यासाठी यजमानाशी वेगळा करार हवा. भेटीला येण्याचा हक्क मात्र प्रत्येक माणसाचा, कारण पृथ्वी गोल आणि मर्यादित आहे, माणसं तिच्यावर एकमेकांपासून हवी तेवढी लांब पांगू शकत नाहीत, आणि मुळात तिच्या कुठल्याही तुकड्यावर कुणाचा दुसऱ्याहून जास्त अधिकार नव्हता. आलेल्याला परत पाठवता येईल, पण त्यात त्याचा नाश होणार नसेल तरच. आणि तो शांतपणे वागतो आहे तोवर त्याला शत्रू समजता येणार नाही. आजच्या व्हिसामुक्त प्रवासाच्या करारांत जवळपास हीच मांडणी दिसते. युरोपातल्या शेंगेन देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवस राहा, मग परत जा. फरक एवढाच, की कांटच्या लेखी जो माणसाचा हक्क होता तो इथे सरकारने सरकारला दिलेली सवलत झाला आहे, आणि सवलत काढून घेता येते.

ती काढून घेण्यासाठी पुढे केलं जाणारं मुख्य कारण म्हणजे वाढतं स्थलांतर. आक्षेप हवेतला नाही. १९ डिसेंबर २००९ पासून सर्बिया, मॅसिडोनिया आणि माँटेनेग्रोच्या नागरिकांना शेंगेन देशांत व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं, आणि त्यानंतर जर्मनी, स्वीडन, बेल्जियममध्ये आश्रयाचे अर्ज वाढले. अर्जदारांत रोमा या अल्पसंख्य समाजाची माणसं मोठ्या संख्येने होती. बहुतेकांचे अर्ज फेटाळले गेले. २०१३ मध्ये युरोपीय संघाने सवलत तात्पुरती स्थगित करण्याची तरतूदच कायद्यात घातली. वाढ खरी होती. पण व्हिसामुक्तीमुळेच स्थलांतर वाढतं, हा तिच्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. कोसोव्होला ही सवलत मिळाली १ जानेवारी २०२४ रोजी. तरीही त्याच्या कितीतरी आधी, २०१५ मध्ये, एकट्या जर्मनीत कोसोव्होच्या तीस हजारांहून अधिक लोकांनी आश्रय मागितला. बसने सर्बिया गाठायचं आणि पुढे हंगेरीची हद्द पायी ओलांडायची, असा त्यांचा रस्ता होता. व्हिसाच्या अटीने माणसं थांबली नाहीत, दलालांचं मात्र फावलं. घर सोडायला लावत होती ती बेकारी. २०१६ पासून जर्मनीने पश्चिम बाल्कनच्या सहा देशांतल्या लोकांना, हाती नोकरी असेल तर, शिक्षणाची अट न घालता कामाचा परवाना द्यायला सुरुवात केली आणि आश्रयाचे अर्ज झपाट्याने उतरले. अर्ज लवकर निकालात काढण्याचा, हे देश सुरक्षित ठरवण्याचाही त्यात वाटा होता. पण कष्ट करायला येणाऱ्याला सरळ दरवाजा मिळाला, की आश्रयाच्या दरवाजावरची गर्दी कमी होते, एवढं यातून नक्कीच दिसतं.

माझा मुख्य आक्षेप आकड्यांपलीकडचा आहे. सवलत जाईल या धास्तीने मॅसिडोनियाने आपल्याच नागरिकांना सीमेवर अडवायला सुरुवात केली. परतीचं तिकीट आहे का, पैसे किती, बोलावलं कुणी, असे प्रश्न रोमा दिसणाऱ्यालाच जास्त विचारले जात. युरोपातून हाकलून दिलेल्यांचे पासपोर्टही जप्त होत. जप्तीची ही तरतूद तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केली. आपला देश सोडण्याचा हक्क १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात आहे, आणि शेजाऱ्यांच्या दडपणाने तोच पायदळी तुडवला गेला. शेजारच्या काहींनी अर्ज केले म्हणून ज्याने काहीच केलं नाही तो अडला. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणं किती अन्यायाचं असतं, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायची गरज नाही. मुंबईत शेंगेन व्हिसाच्या अर्जाला बँकेचं स्टेटमेंट, रजेचं पत्र, हॉटेलचं बुकिंग जोडून आपण परत येऊ हे सिद्ध करणारा माणूस त्याच पायरीवर उभा असतो. त्याच्या वयाच्या जपानी प्रवाशाला यातलं काहीच करावं लागत नाही.

यावर मायकल वॉल्झर या अमेरिकी विचारवंताचं म्हणणं वजनदार आहे: आपल्यात कुणाला सामील करून घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार गेला, तर समाज समाजच राहत नाही. मला हे मान्य आहे. पण तो सदस्यत्वाचा प्रश्न झाला. नव्वद दिवसांच्या पाहुण्याला कुणी सदस्यत्व देत नाही. पाहुणा मुदत संपल्यावरही थांबला तर? तर त्याच्यावर कारवाई करा, त्याला परत पाठवा. त्याने केलेल्या गोष्टीसाठी, आणि त्याच्यावरच.

आणि परत पाठवण्यात माणसाचा नाश होता कामा नये, ही कांटची अट उरतेच. युक्रेनच्या लोकांना २०१७ पासून व्हिसामुक्त प्रवेश होता, म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध पेटल्यावर असंख्य कुटुंबं कुणाच्या परवानगीची वाट न पाहता पोलंडमध्ये शिरली; तात्पुरत्या संरक्षणाचा निर्णय नंतर ४ मार्चला आला. सीरियाच्या माणसाला २०१५ मध्ये व्हिसा लागत होता आणि व्हिसा नसलेला प्रवासी आणणाऱ्या विमान कंपनीला दंड होता, म्हणून त्याने विमानाच्या तिकिटाहून जास्त पैसे मोजून तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून रबरी होडी धरली. स्थगितीच्या तरतुदीत फेटाळलेल्या आश्रय-अर्जांची वाढ हे एक कारण म्हणून लिहिलेलं आहे. ते तिथून वगळायला हवं, कारण त्यामुळे आश्रय मागणं हाच साऱ्या देशाचा गुन्हा ठरतो.