चपला घालून पेडल बसवलंस?

ऊठ त्या सीटवरून. आणि पायात काय घातलंयस ते बघ जरा. चपला! पेडलमधलं अंतर चपला घालून मोजलंस? ट्रॅकवर बूट घालून बसशील तेव्हा ब्रेकबरोबर अॅक्सिलरेटरही दाबला जाईल. ‘सर, जागा कमी पडली’ म्हणे. जागा कशी पुरेल? आधी पाइप कापलेस, जोडलेस, रंगसुद्धा मारलास आणि मग आत माणूस कोंबायला निघालास.

खराडी बायपासच्या गर्दीत दीड तास घालवून आलो, तो काय हे बघायला? त्या इऑन आयटी पार्कच्या काचांमागे दिवसभर बसतोस, चुकलं की बटण दाबून मागे येतोस. ती सवय या शेडमध्ये आणू नकोस.

हा ब्रेकचा ब्रॅकेट कशावर मारलायस? तळाच्या पत्र्यावर! मी पेडल दाबतो, तू वाकून बघ. काय हललं? पत्रा. म्हणजे पेडलची निम्मी चाल पत्रा वाकवण्यात गेली, मास्टर सिलेंडरपर्यंत पोचलीच नाही. घाबरलेला माणूस साठ किलोनं सहज लाथ घालतो. तुझी पेडलची दांडी तो जोर पाचपट करते, म्हणजे पुशरॉडवर ३०० किलो. हे दोन टाके किती वेळ तग धरतील? फॉर्म्युला भारतला कॉलेजची पोरं गाड्या घेऊन कोइमतूरच्या करी ट्रॅकवर जातात. तिथल्या नियमात ब्रेक पेडलनं २००० न्यूटन, म्हणजे दोनशे किलोंवर भार सोसायचा असतो. तुझ्या गाडीला परीक्षक नाही, म्हणून नियमही नाही?

आता स्टिअरिंग. चाक धर. टायर जागचे न हलता कडेला किती फिरतं? पाच सेंटीमीटर. त्याच नियमात ७ अंशांपर्यंत मोकळी चाल चालते, तुझ्या ३५ सेंटीमीटरच्या चाकाला जेमतेम दोन सेंटीमीटर. आणि मध्येच जड, मध्येच हलकं लागतं म्हणून ग्रीस थापत बसलास? मधल्या दांड्याच्या दोन टोकांना युनिव्हर्सल जॉइंटचे जे फोर्क आहेत, ते एका रेषेत हवेत. तुझे काटकोनात बसलेत. वर्गात दोनदा फळ्यावर काढून दाखवलं होतं, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास.

आणि हे काय? दांडा मधोमध कापून टोकाला टोक लावून वेल्ड? आत स्लीव्ह नाही, काही नाही. हा तुटला तर हातात नुसतं चाक राहील, ते काय आरती ओवाळायला?

करीवर्धन माहीत आहेत ना, ज्यांच्या नावाचा तो ट्रॅक आहे? मारुती ८००चंच इंजिन घालून त्यांनी फॉर्म्युला मारुती उभी केली. तेव्हा भंगारातली स्टिअरिंग रॅक आणलीस याबद्दल मी बोलत नाहीये. रॅक चांगली आहे, निवड चुकली नाही. पण तिचे दोन बोल्ट साधे, ना कॉटर पिन, ना लॉक नट. थरथरीनं किती वेळात सुटतील, सांग. हसू नकोस.

रविवारी गाडी टेंपोत घालून ट्रॅकवर न्यायची म्हणालास ना? टेंपोवाल्याला आत्ता माझ्यासमोर फोन लाव, नको म्हणून सांग. मग बूट घालून ये, सीटवर बस, गुडघा चाकाला कुठे लागतो तिथे खडूनं खूण करतो. तोवर तो ग्राइंडर दे इकडे.