तारण एकदा मिळाले की कायमचे?

ख्रिस्तावर विश्वास ठेवून, बाप्तिस्मा घेऊन ज्याचे तारण झाले, तोच माणूस पुढे विश्वास सोडून गेला किंवा घोर पापात पडला, तर त्याचे तारण जाते का? या प्रश्नावर ख्रिस्ती पंथ आजही एकमताने बोलत नाहीत. प्रश्न मात्र जुना आहे, आणि तो पहिल्यांदा ऐरणीवर आला तो मंडळीच्या दाराशी परत येऊन उभ्या राहिलेल्या माणसांमुळे.

इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसने हुकूम काढला: प्रजेने देवांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे काही दाखले पपायरसवर टिकून राहिले आहेत. त्यांतला एक ऑरेलियस डायोजेनिस नावाच्या ७२ वर्षांच्या गावकऱ्याचा. उजव्या भुवईवर व्रण, अशी ओळखीची खूण त्यात नोंदवली आहे. आपण देवांना नेहमीच बळी देत आलो, आत्ताही अधिकाऱ्यांसमक्ष अर्घ्य ओतले, बळी दिला, प्रसाद चाखला, तरी तसे प्रमाणित करावे, असा त्याचा अर्ज आहे. तो ख्रिस्ती होता की नाही, हे कागदावरून कळत नाही. पण असंख्य ख्रिस्ती माणसांनीही असेच दाखले मिळवले. काहींनी बळी न देता पैसे मोजून. हुकूम न मानणाऱ्यांचा छळ ओसरल्यावर हीच माणसे परत आली.

कार्थेजचा बिशप सिप्रियन छळाच्या काळात स्वतः लपून राहिला होता, त्यामुळे कठोर व्हायला त्याला फारसे तोंड नव्हते. २५१ मध्ये त्याच्या धर्मसभेने मधला मार्ग काढला. नुसता दाखला विकत घेणाऱ्यांना चौकशी करून परत घ्यावे, प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे. पुढे नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा ही अटही सैल झाली. रोममधल्या नोव्हेशियन या धर्मगुरूला हे मान्य नव्हते. अशांना क्षमा करायची की नाही हे देव ठरवील, मंडळीला तो अधिकार नाही, असे म्हणून तो वेगळा झाला. त्याचे अनुयायी स्वतःला ‘शुद्ध’ म्हणवत. ३२५ च्या निकिया परिषदेला त्यांच्या धर्मगुरूंना परत घेण्याचे नियम करावे लागले, इतका तो पंथ टिकला. या सगळ्या भांडणात पडलेला माणूस पडला याबद्दल कुणालाच शंका नव्हती. वाद होता तो परतीच्या वाटेचा.

दोन्ही बाजूंना पवित्र शास्त्रात आधार सापडतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात येशू म्हणतो की आपली मेंढरे आपल्या हातातून कुणी हिसकावून घेणार नाही. रोमकरांस पत्राचा ८ वा अध्याय देवाच्या प्रीतीपासून विश्वासणाऱ्याला कशानेही वेगळे होऊ देत नाही. उलट योहानाच्याच १५ व्या अध्यायात फळ न देणारा फाटा तोडून टाकला जातो. सर्वांत अवघड उतारा इब्री लोकांस पत्राच्या ६ व्या अध्यायातला. ज्यांना प्रकाश मिळाला, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले आणि मग पतन पावले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे, असे तो सांगतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘जर’ हा शब्द नाही. केवळ कल्पना म्हणून तो उतारा बाजूला सारता येत नाही. शिवाय तो अक्षरशः घेतला तर तारण जाते एवढ्यावर भागत नाही, गेलेले परत मिळत नाही असेही मानावे लागते. ‘तारण जाते’ म्हणणाऱ्या बहुतेक पंथांना हे दुसरे टोक नको असते, म्हणून हा उतारा दोघांनाही सारखाच जड जातो.

पाचव्या शतकात ऑगस्टीनने प्रश्नाला निराळे वळण दिले. शेवटपर्यंत टिकणे हेच देवाचे दान आहे, आणि ते बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला मिळतेच असे नाही. आपल्याला ते मिळाले आहे की नाही, हे जिवंतपणी कुणालाही ठामपणे सांगता येत नाही. रोमन कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत याच वाटेवरून निर्णय दिला: घातक पापाने कृपा जाते, आणि पापनिवेदनाच्या संस्काराने, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात त्याने, ती परत मिळते. लूथरचे अनुयायीही गमावण्याची शक्यता मानतात. १५३० च्या त्यांच्या औग्सबुर्ग कबुलीजबाबात ती नाकारणाऱ्यांचा स्पष्ट निषेध आहे.

‘जात नाही’ हे उत्तर तत्त्व म्हणून पक्के झाले ते प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेत. देवाने निवडलेला माणूस शेवटपर्यंत टिकतोच, कारण निवड देवाची आहे. हॉलंडमध्ये धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमे मांडली. पाचव्यात त्यांनी एवढेच म्हटले की खरा विश्वासणारा कृपेतून ढळू शकतो का, हे शास्त्रातून अजून नीट तपासायला हवे. या वादात इतके सावध वाक्य क्वचितच लिहिले गेले असेल. पण आठच वर्षांत ते स्वतःही ‘ढळू शकतो’ या बाजूला गेले, आणि १६१८-१९ च्या डॉर्ट परिषदेने त्यांना चुकीचे ठरवले. सुमारे दोनशे पाळकांना पद सोडावे लागले. त्यांचा राजकीय पाठीराखा ओल्डनबार्नेवेल्ट याचा १३ मे १६१९ रोजी शिरच्छेद झाला. त्या खटल्यात धर्मशास्त्रापेक्षा राजकारणच जास्त होते.

डॉर्टचा निर्णय मात्र समजला जातो तितका बेफिकीर नाही. खरे विश्वासणारेही घोर पापात पडतात, हे तो दावीद आणि पेत्र यांची नावे घेऊन सांगतो. देव त्यांना पश्चात्तापाने परत आणतो, एवढाच त्याचा दावा. मग जो परत येतच नाही त्याचे काय? तो मुळात आपला नव्हताच, असे योहानाच्या पहिल्या पत्राच्या आधारे उत्तर दिले जाते. इथेच या मताची दुखरी जागा आहे. उद्या तारण जाईल ही भीती मिटते खरी, पण आज आहे असे वाटते ते खरोखर आहे का, ही शंका तिच्या जागी येऊन बसते. अनिश्चितता भविष्यातून उचलून वर्तमानात ठेवली, एवढेच झाले.

अठराव्या शतकात मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने डॉर्टचे हे मत नाकारले. १७५१ मध्ये त्याने या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. विश्वास बुडू शकतो असे तो मानी. पण बुडालेले पुष्कळ जण पुन्हा उभे राहिलेले त्याने पाहिले होते, म्हणून इब्री पत्राचा कठोर अर्थ तो सरसकट लावीत नसे. दुसऱ्या टोकाला अमेरिकेत, विशेषतः बॅप्टिस्ट मंडळ्यांत, ‘एकदा तारण, कायमचे तारण’ हे सूत्र रूढ झाले. पुष्कळदा ते कॅल्व्हिनच्या मताचेच दुसरे नाव समजले जाते, ते बरोबर नाही. कॅल्व्हिनवादी म्हणतो, खरा विश्वासणारा टिकून राहील. या सूत्राचा सैल अर्थ असा होतो की तो टिकला नाही तरी चालेल.

पाळकासमोर प्रत्यक्ष माणूस बसला की मात्र हे अंतर एकदम कमी होते. दारू, व्यभिचार किंवा निव्वळ उदासीनता यांमुळे मंडळी सोडून गेलेल्याला मेथडिस्ट पाळक म्हणेल, ‘तू गमावलेस, परत ये’. कॅल्व्हिनच्या परंपरेतला प्रेस्बिटेरियन म्हणेल, ‘तू खरा असशील तर परत येशील’. दोघेही सांगतात ते पश्चात्ताप करायलाच. निदान वेगळे, औषध एकच.

महाराष्ट्रात ही दोन्ही निदाने मिशनऱ्यांबरोबर आली. १८१३ पासून मुंबईत काम करणारे अमेरिकन मराठी मिशन आणि जॉन विल्सन यांचे स्कॉटिश मिशन कॅल्व्हिनच्या परंपरेतले, तर मेथडिस्ट वेस्लीच्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा कॅल्व्हिनच्या परंपरेतले काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन आणि ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट एकाच चर्चमध्ये आले. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट बाहेर राहिले.