भीतीची साक्ष

भयभीत माणसाला धीर देणे हे सत्कृत्य आहे, याविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. रुग्णाच्या खाटेभोवती जमलेल्या नातलगांना किंवा वादळात सापडलेल्या होडीतील उतारूंना ‘घाबरू नका’ म्हणणारा माणूस आपल्याला देवदूतासारखा वाटतो. परंतु समोरच्याने काय पाहिले म्हणून तो घाबरला, हे आधी विचारून घेण्याचे बंधन धीर देणाऱ्यावर आहे काय? १९८९ साली इंग्लंडमधील केगवर्थ गावाजवळ झालेल्या विमान अपघाताची हकीकत वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही.

त्या वर्षी ८ जानेवारीच्या रात्री ब्रिटिश मिडलंड कंपनीचे बोईंग ७३७-४०० जातीचे विमान ११८ प्रवासी व ८ कर्मचारी घेऊन लंडनच्या हीथ्रोहून बेलफास्टकडे निघाले होते. सुमारे २८ हजार फूट उंचीवर डाव्या इंजिनाच्या पंख्याचे एक पाते तुटले. विमान थरथरू लागले, धूर आणि जळका वास आत शिरला. वैमानिकांचा ग्रह झाला की बिघाड उजव्या इंजिनात आहे, आणि त्यांनी ते धडधाकट इंजिन बंद केले. या जातीच्या जुन्या विमानांत केबिनला हवा प्रामुख्याने उजव्या इंजिनाकडून येते, तेव्हा धूरही तिकडूनच आला असावा, अशी कॅप्टनची समजूत होती. त्यातच, उजव्या इंजिनाची शक्ती कमी करताच धूर व कंप ओसरला. तो निव्वळ योगायोग होता. पण चुकीच्या औषधाने ताप उतरावा, तसे झाले आणि निदानाविषयी शंका उरली नाही.

इकडे केबिनमध्ये कित्येक प्रवाशांनी डाव्या इंजिनातून ठिणग्या आणि ज्वाळा निघताना पाहिल्या होत्या. मागील बाजूस असलेल्या तिघा कर्मचाऱ्यांनाही आगीची चिन्हे दिसली होती. थोड्या वेळाने कर्मचाऱ्यांचा प्रमुख कॉकपिटमध्ये गेला. वैमानिक हाताच्या अंतरावर होते. प्रवासी फार घाबरले आहेत, एवढेच त्याने सांगितले. कशाने घाबरले, हे त्याने सांगितले नाही आणि कॅप्टननेही विचारले नाही. लोकांची भीती कॉकपिटपर्यंत पोहोचली. त्या भीतीच्या पोटात जी माहिती होती ती दाराबाहेर राहिली.

उत्तरादाखल कॅप्टनने सर्वांना उद्देशून घोषणा केली: उजव्या इंजिनात बिघाड झाला होता, ते बंद केले आहे, लवकरच आपण उतरू. ‘उजव्या’ हा शब्द ऐकून अनेक प्रवासी बुचकळ्यात पडले, परंतु एकानेही तो शब्द कर्मचाऱ्यांजवळ काढला नाही. ज्या तिघांनी स्वतः आग पाहिली होती, त्यांनी पुढे सांगितले की तो शब्द आपल्या कानी आलाच नाही. मला हे खोटे वाटत नाही. केबिन आवरून उतरण्याची तयारी करण्यात गुंतलेल्या माणसाला अशा घोषणेतून ‘आता सारे ठीक आहे’ एवढाच सूर ऐकू येतो.

आणि ते प्रवासी? ‘वैमानिकाला आपल्यापेक्षा अधिक कळते’, या विचाराने ते गप्प बसले. या मौनाला नम्रता म्हणावे काय? संत आविलाची तेरेजा नम्रतेचे नाते सत्याशी जोडते, आणि त्या कसोटीला हे मौन उतरत नाही. इंजिनाचे शास्त्र मला कळत नाही, हे म्हणणे सत्य आहे. पण ज्वाळा डावीकडे होत्या, हे सांगायला शास्त्र लागत नाही, डोळे पुरतात. निवाडा करणे तज्ज्ञांचे काम खरे. साक्ष देण्याचा भार मात्र ज्याने पाहिले त्याच्यावरच असतो आणि तो दुसऱ्याच्या खांद्यावर टाकता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की प्रत्येक प्रवाशाची शंका कॉकपिटपर्यंत नेली, तर विमान चालवायचे कोणी? आक्षेप बिनतोड नसला तरी पोकळही नाही. भित्र्या उतारूंच्या शंभर शंकांपैकी नव्याण्णव फोल असतात. शिवाय वैमानिकांना त्या वीसेक मिनिटांत उसंत नव्हती. आपण नक्की कोणत्या खुणा पाहिल्या, याची उजळणी कॅप्टनने सुरू केली, तोच नियंत्रण कक्षाच्या संदेशाने ती तुटली. पण म्हणूनच, जे मोकळे होते त्यांचे डोळे अधिक मोलाचे होते.

धावपट्टी दृष्टिपथात असताना डाव्या इंजिनाने दम सोडला. विमान एम-१ या महामार्गाच्या बांधावर आदळले. ४७ प्रवासी दगावले.

दोनच महिन्यांनी, १० मार्च १९८९ रोजी, कॅनडातील ड्रायडन येथे एका विमानाच्या पंखांवर बर्फ साचलेला आतल्या लोकांना दिसत होता. प्रवाशांत सुट्टीवरचे दोन वैमानिकही होते. तिथेही कॉकपिटला कोणी काही सांगितले नाही आणि २४ जीव गेले. तेव्हा अज्ञान हेच मौनाचे एकमेव कारण नव्हे. जाणत्यांची भीडही तितकीच घातक ठरते.

वैमानिकांना आपसांत मोकळेपणाने बोलण्याचे जे प्रशिक्षण १९७९ नंतर अमेरिकेत आकाराला आले, त्याच्या नावात आरंभी ‘कॉकपिट’ हा शब्द होता; पुढे त्या जागी ‘क्रू’ आला आणि केबिनमधील माणसेही त्यात धरली गेली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातील मुलेमुली या व्यवसायात आहेत. हसतमुख राहण्याचे शिक्षण त्यांना मिळते, हे आपण जाणतो. जे दिसले ते ‘डावे’, ‘उजवे’ अशा नेमक्या शब्दांत कॅप्टनला कळवण्याचेही मिळते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर कॉकपिटचे दार भक्कम झाले आणि उड्डाणभर ते बंद असते. आता केबिनमधून सांगायचे ते बहुधा भिंतीवरचा फोन उचलूनच सांगावे लागते.