दाराबाहेरचा कावळा : निजतेवेळच्या गोष्टीतील नीती

लहान मुलांना निजतेवेळी कोणत्या गोष्टी सांगाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता बालसंगोपनाचा वाटतो. परंतु कथेचा अर्थ कोठे असतो, हा प्रश्नही त्यात दडलेला आहे. ‘चांगले वळण लावणारी गोष्ट’ निवडू पाहणारा पालक असे गृहीत धरतो की बोध कथेत आधीच साठवलेला असतो आणि तो ऐकणाऱ्याला जसाच्या तसा मिळतो. मराठीतील मुद्रित बालवाङ्मयाच्या आरंभकाळी, १८२८ साली, सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीति’ आली. कथेअखेर तात्पर्य काढण्याची रीत तेव्हापासून मराठी मनात रुजली आहे.

या गृहीतकावर रूसोने ‘एमिल’मध्ये (१७६२) नेमके बोट ठेवले. ला फोंतेनची कोल्हा-कावळ्याची कथा ओळीओळीने तपासून त्याने दाखवले की मुले कावळ्याला हसतात आणि कोल्ह्यावर लुब्ध होतात. खुशामतीला भुलू नये हे तात्पर्य बाजूला राहते व खुशामत कशी करावी, एवढेच हाती लागते. ऐकणारे मूल कथेत कोणाच्या जागी उभे राहते, यावर बोध अवलंबून असतो, हे रूसोचे निरीक्षण मोलाचे आहे. मुलांना अशा कथा देऊच नयेत, हा त्याचा निष्कर्ष मात्र तपासून पाहावा लागेल.

त्यासाठी चिमणी-कावळ्याची गोष्ट पुरेशी आहे. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे. पावसात कावळ्याचे घर वाहून जाते आणि तो चिमणीचे दार ठोठावतो. बाळाला न्हाऊ घालणे, तीट लावणे, निजवणे अशी एकेक कारणे सांगत चिमणी त्याला ताटकळत ठेवते. या गोष्टीचे रूढ तात्पर्य सोपे आहे : घर पक्के बांधावे. पण या तात्पर्यात दार उघडण्यास झालेला विलंब कोठेच येत नाही. कथेचा अधिकांश भाग तर त्या विलंबानेच व्यापलेला आहे.

चिमणीची कारणे म्हणजे ऐकणाऱ्या मुलाचाच दिनक्रम आहे. अंथरुणात आईला बिलगलेले मूल या कथेत चिमणीच्या बाळाच्या जागी असते. बाहेर पाऊस, आत ऊब. त्याला झोप येते ती या सुरक्षिततेच्या भरवशावर. परंतु या सुखाला एक किंमत आहे आणि ती दाराबाहेर भिजणारा कावळा मोजतो. चिमणीला निष्ठुर म्हणून मोकळे होता येत नाही, कारण तिचे वात्सल्य खरे आहे. आपल्या लेकराचे करणे आणि दारी आलेल्या परक्याला आसरा देणे, ही दोन कर्तव्ये येथे समोरासमोर येतात. निजतेवेळच्या कथेचा पेचही हाच आहे. झोपेसाठी दार बंद हवे, नीतीसाठी ते उघडावे लागते.

चिमणी तत्काळ दार उघडते, अशी सुधारून घेतलेली गोष्ट निर्दोष होईल. पण त्यातून ठोठावणेच नाहीसे होईल, आणि त्याबरोबर मुलाचा प्रश्नही. ‘चिमणीने दार का नाही उघडले?’ असे एखादे मूल अर्धवट झोपेत विचारते, तेव्हा ते आपली सुरक्षित जागा क्षणभर सोडून कावळ्याच्या जागी जाऊन उभे राहिलेले असते. रूसोला शक्य न वाटलेली गोष्ट ती हीच. ऐकणाऱ्याची जागा कायमची ठरलेली नसते. वारंवार ऐकलेली कथा ती बदलू शकते.

तेव्हा निवडीचा निकष तात्पर्याच्या शुद्धतेत शोधण्यात अर्थ नाही. असा प्रश्न ज्या कथेत उद्भवू शकतो, ती कथा सांगण्याजोगी. अर्थात यामुळे सांगणाऱ्यावरची जबाबदारी वाढते. त्या प्रश्नावर ‘आता झोप’ असे म्हणणाऱ्या पालकाने चिमणीच्या कारणांत आणखी एकाची भर घातलेली असते.